सैनिकांच्या सन्मानासाठी उचललेल्या चपला

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मधेच हसलात तर मला राग येतो, आणि राग आला की मी किस्सा अर्धवट सोडून निवृत्त सैनिकांच्या सरकारी सवलतींचा इतिहास सांगायला लागते. ही धमकी समजा. आमच्या घरात या धमकीवर भलेभले चहाचा कप तसाच ठेवून उठतात.

त्या विषयातली मी तज्ज्ञ आहे, काय समजलात! चौथीनंतर मला दूर डोंगरातल्या एका निवासी शाळेत टाकलं. तिथून मी बाहेरच्या बाहेर स्कॉटलंडला गेले आणि तिथल्या गारठ्यात स्वेटरवर स्वेटर चढवून प्रबंध लिहिला. विषय एकच: राज्य करणारे लोक आपल्या म्हाताऱ्या झालेल्या सैनिकांशी कसे वागतात. मराठेशाहीत लढाईत पडलेल्या शिपायाच्या पोरांना बालपरवेशी मिळायची, म्हणजे पोरं मोठी होईपर्यंतची नेमणूक. इंग्रजांनी महायुद्धानंतर मर्जीतल्यांना जंगी इनाम, म्हणजे युद्धातल्या कामगिरीची रोख नेमणूक, दिलं, कुणाला जमिनी दिल्या आणि बाकीच्यांच्या छातीवर बिल्ला लावून त्यांना घरी पाठवलं. निजामाची फौज मोडली तेव्हा आपल्याच भागातली कितीतरी माणसं बघता बघता रिकामी झाली. या सगळ्याचं सार मी एका वाक्यात काढलं होतं: 'प्रत्येक सत्तेने सैनिकाच्या हक्काला उपकाराचा सदरा शिवला.'

कसं आहे वाक्य? तिकडे त्याला टाळ्या पडल्या होत्या हो!

इकडे आमच्या शहरातल्या गारखेड्यात नाही पडल्या. मी परत आले, काकांच्या घरी उतरले, आणि पहिल्याच आठवड्यात शेजारचे एक गृहस्थ आवर्जून भेटायला आले. मला वाटलं, चला, कुणीतरी विचारणारं आहे. त्यांनी माझा विषय शांतपणे ऐकून घेतला, जरा पुढे सरकले आणि म्हणाले, "म्हणजे कँटीनचा इतिहास का? मग मला एक सांग, मिलिटरीची रम पहिल्यापासूनच स्वस्त होती का मधे झाली?"

हा आपला समाज! चौकात फ्लेक्स लावायचा, त्यावर पुढाऱ्याचं तोंड दाराएवढं आणि जवानाचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा. पंधरा ऑगस्टला शाल द्यायची, नारळ द्यायचा, आणि सोळा तारखेला त्याच माणसाला गाठून विचारायचं, "मेजर, एखादी बाटली काढून द्या की!" बरं, ज्याला मेजर म्हणायचं तो मेजर नसतोच. आपल्याकडे शिपायापासून सगळेच मेजर. तेवढी बढती द्यायला आपल्याला काही पडत नाही ना!

मला भयंकर चीड येते. अजूनही येते. ती चीड खोटी होती असं मी म्हणणार नाही. ती फक्त चुकीच्या ठिकाणी सांडली, एवढंच.

तर आमचे भानुदासकाका. वडिलांचे थोरले भाऊ, तोफखान्यातले निवृत्त नायब सुभेदार. फुलंब्रीकडच्या शेतातून उठून फौजेत गेले, आयुष्यभर तोफांच्या शेजारी उभे राहिले आणि कान तिथंच ठेवून घरी आले. डावा पूर्ण गेलाय, उजवा मनात आलं तर चालतो. स्वभावानं गोड. समोरच्याचं ऐकू आलं नाही तर विचारून त्याला त्रास नको, म्हणून सरळ मान हलवतात.

या मान हलवण्यानंच सगळा घोळ केला होता. त्यांची मुलगी सीमा, तिचं लग्न गंगापूरच्या पुढच्या एका गावात ठरत होतं. मुलगा सीमाला मनापासून आवडला होता. पण पहिल्या बैठकीत व्याही काय काय विचारत गेले आणि काका मान हलवत गेले. उठताना कळलं की लग्न त्यांच्या गावात, मे महिन्यात, भर दुपारी, आणि वरातीला दोन डीजे!

काकू आठवडाभर बोलत नव्हत्या. म्हणजे बोलत होत्या, पण काकांना ऐकू जात नसल्यानं त्याचा उपयोग होत नव्हता.

दुसरी बैठक रविवारी होती. त्याआधी काकांना ऐकायचं यंत्र मिळालंच पाहिजे, असा काकूंचा हुकूम सुटला. माजी सैनिकांसाठीचा एक दवाखाना आहे. कुठला ते विचारू नका, मला तिथं पुन्हा तोंड दाखवायचंय. तिथं कानाचे डॉक्टर महिन्यातून एकदाच बाहेरगावाहून येतात. दुपारपर्यंत जेवढे होतील तेवढे तपासतात, बसल्या बैठकीला मशीन लावून देतात आणि जातात. तो दिवस होता शुक्रवार. काका उजाडायच्या आत घरातून निघाले.

नऊच्या सुमाराला काकूंनी माझ्या हातात डबा दिला.

"जा, दवाखान्यात काकांना देऊन ये. आणि हे बघ रेवती, तिथं काही करू नकोस."

"मी काय करणार, काकू?"

"ते मला काय माहीत! म्हणून तर सांगते. फक्त डबा दे. भाषण नको."

आता तुम्हीच सांगा, कुणी असं आधीच सांगितलं तर माणसाला चेव चढणार नाही?

रिक्षातून उतरले आणि फाटकातून आत पाऊल टाकलं. आणि समोर हे दृश्य!

आवारात एका बाजूला कडुलिंबाचं झाड. झाडाखाली जमिनीवर बसलेले आपले सैनिक. पांढऱ्या मिशांचे, ताठ मानेचे, या देशासाठी बर्फात आणि वाळवंटात उभे राहिलेले. आणि ते सगळे अनवाणी! आणि समोर, दवाखान्याच्या खिडकीपासून थेट फाटकापर्यंत, त्यांच्या चपलांची लांबच लांब रांग. आत साहेबाच्या दाराला पडदा, पडद्यामागे कूलरचा आवाज.

माझ्या डोक्यात प्रबंधाचं दुसरं प्रकरण उघडलं. इंग्रजांच्या कचेरीत गेलेल्या नेटिव्हानं साहेबापुढे जायचं तर जोडे बाहेर काढायचे! त्यावर तेव्हा केवढे वाद झाले होते! आणि स्वातंत्र्याला इतकी वर्षं झाल्यावर, माझ्या शहरात, सैनिकांना साहेबाच्या दारात चपला काढून मातीत बसवलं होतं!

खरं तर त्या रांगेत काही गोष्टी माझ्या सिद्धांतात बसत नव्हत्या. चपलांच्या मधे एक हेल्मेट होतं. एक छत्री होती. एक वीटही होती. पण अभ्यासकानं अशा किरकोळ गोष्टींनी विचलित व्हायचं नसतं. हेल्मेट आणि छत्री मी 'इतर मानहानी' या सदरात टाकली. वीट मी बांधकाम खात्याच्या निष्काळजीपणात जमा केली.

शिवाय झाडाखालच्या एका आजोबांच्या एकाच पायात चप्पल होती. एकाच! दुसरी तिकडे रांगेत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. अर्धा सन्मान पायात आणि अर्धा साहेबाच्या दारात!

तरी मी शहानिशा केली. अगदीच काही बिनडोक नाही मी. कडेला करीमचाचा बसले होते. काकांचे जुने सोबती, निवृत्त नाईक. घरी येणंजाणं असल्यामुळे मला ओळखायचे. मी त्यांना विचारलं, "चाचा, तुमच्या चपला तिथं कशाला?"

ते हसले. "क्या करते बेटा, रखनाच पडता. नै रखे तो नंबरच नै लगता."

ऐकलंत? स्वतःच्या तोंडानं कबुली! चपला काढल्या नाहीत तर नंबर लावत नाहीत!

"आणि तुम्ही हे सहन करता?"

"अब क्या सहन करना उसमें," चाचा म्हणाले. "आदत हो गई. सबके सब ऐसाच करते."

आदत! सवय! गुलामगिरीची सवय लागते ती अशी! मी म्हटलं, चाचा, आज ही सवय संपली.

काका कुठं होते? झाडाच्या पलीकडच्या बाजूला, चहाच्या टपरीजवळ, कुणाशी तरी हातवारे करत गप्पा मारत. डबा माझ्याच हातात राहिला. तो मी झाडाखाली ठेवला, ओढणी सोडली, आणि रांगेच्या पहिल्या टोकाला गेले.

सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता. मी वाकून एकेक चप्पल उचलायला लागले. निळ्या पट्ट्याच्या, चामड्याच्या, टाचा झिजलेल्या, एका अंगठ्याला दोरा बांधलेली. छत्री उचलली, हेल्मेट उचललं. वीट तेवढी राहू दिली. ओढणीत सगळा ढीग बांधून मी तो झाडाखाली आणला आणि सैनिकांच्या मधोमध ओतला. मग फोन काढला, समोर धरला, आणि थेट प्रक्षेपण सुरू केलं.

"माझ्या वीरांनो! उचला तुमच्या चपला आणि घाला पायात! तुम्ही कुणाच्या उपकारावर जगत नाही! बालपरवेशीपासून जंगी इनामापर्यंत..."

सगळे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, भारावलेत. टपरीजवळ उभ्या काकांनी मला पाहिलं, उंचावलेला हात पाहिला, आणि एकट्यानंच टाळ्या वाजवल्या. नंतर कळलं, त्यांना वाटलं दवाखान्यात काहीतरी कार्यक्रम आहे आणि मी त्यात कविता म्हणतेय.

मग कुणीतरी ओरडलं.

"आरं देवा! हिनं रांग उचलली!"

रांग उचलली म्हणजे काय, ते मला तेव्हाही कळलं नाही. पण बाकीच्यांना कळलं. जी माणसं इतका वेळ शांतपणे बसली होती, ती अशी उठली, जणू सीमेवर इशारा वाजलाय!

"माझी चप्पल तिसरी होती!"

"तिसरी कशी? तिसरी माझी! माझ्या पुढं ह्यांची छत्री व्हती!"

"छत्री माझी, पण माझ्या पुढं हेल्मेट व्हतं!"

"हेल्मेटवाला तर आत्ता आला राव, सात वाजता! आम्ही अंधाराचे आलोय!"

"ओ हवालदार, धक्का मारू नका!"

"हवालदार तुमचा असंल! मी सुभेदार म्हणून रिटायर झालोय!"

"इथं हुद्दा नाय चालत, इथं चप्पल चालते!"

आणि त्या क्षणी, माझ्या वाचकांनो, माझ्या सुशिक्षित डोक्यात हळूहळू उजेड पडायला लागला. साहेबानं काही काढायला लावलं नव्हतं. साहेबाला तर चपलांचा पत्ताही नव्हता, तो आत कूलरपुढे पेपर वाचत होता. ही म्हातारी माणसं उजाडायच्या आधी येऊन आपली चप्पल रांगेत उभी करायची आणि स्वतः सावलीत जाऊन बसायची. चप्पल माणसाच्या जागी उभी राहायची. ज्याला दोन्ही पाय उघडे ठेवायचे नसतील तो एक ठेवायचा. ज्याला चप्पल चोरीला जायची धास्ती, तो हेल्मेट ठेवायचा. एवढा साधा मामला! रेशनच्या दुकानापासून गॅसच्या एजन्सीपर्यंत या देशातल्या लहान पोरालाही माहीत असलेला. मी सोडून. मी तेव्हा डोंगरात भूगोल शिकत होते.

आणि मी सगळ्यांच्या जागा गोळा करून एका ओढणीत बांधून आणल्या होत्या.

खिडकी उघडली. पहिला नंबर कुणाला मिळाला असेल? सांगा! वीट ठेवणाऱ्याला! सगळ्या रांगेत एकटी तीच जागेवर होती ना. फुलंब्रीचे एक आप्पा रमतगमत आले, विटेला पाय लावून उभे राहिले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, तुमचे लई उपकार झाले बघा."

उपकार! नेमका हाच शब्द!

बाकीच्यांची झुंबड उडाली. काका मात्र झाडाखाली वाकून ढिगात आपली डावी चप्पल शोधत होते. त्यांची चप्पल, हे मला मागाहून कळलं, अगदी पहिली होती. विटेच्याही पुढे. मी उचलली तेव्हा पहिली तीच हातात आली होती. दोरा बांधलेली.

चप्पल सापडून काका रांगेत आले तेव्हा त्यांच्यापुढे अख्खी पलटण उभी होती. दुपारी डॉक्टर बॅग घेऊन बाहेर पडले आणि गाडीत बसले. काका अजून खिडकीपर्यंतही पोचले नव्हते.

मी कशीबशी त्यांच्या उजव्या कानात ओरडले, "काका, माझं चुकलं!"

"व्हय व्हय," काका मान हलवत म्हणाले. "मला काय ऐकू आलं नाय, पण बरी बोलत होतीस. हात लई झकास हलवतीस."

घरी काकू दारातच उभ्या होत्या. "मशीन मिळालं?"

"नाही."

"डबा तरी दिलास का?"

डबा! तो त्या झटापटीत कुणाच्या पायाखाली गेला देव जाणे. काकूंनी फक्त कपाळाला हात लावला. एक काम सांगितलं होतं हो त्यांनी मला. एकच.

इथंच संपलं असतं तर मी हा किस्सा कुणाला सांगितलाच नसता. पण माझं थेट प्रक्षेपण! त्यात काय दिसत होतं? चपलांचा ढीग, अनवाणी सैनिक, आणि माझा कापणारा आवाज. 'हिनं रांग उचलली' च्या आधीच माझा हात खाली आला होता, त्यामुळे पुढे नुसती माती दिसत होती आणि नुसता गलका ऐकू येत होता. रात्रीपर्यंत ते शहरभर फिरलं. 'सैनिकांचा घोर अपमान', 'शहराच्या लेकीनं साहेबाला सुनावलं'. ज्यांनी आयुष्यात कधी सैनिकाला बसमध्ये जागा दिली नाही, त्यांनी मोबाइलवर हाताच्या मुठी पाठवल्या. आमच्या कोपऱ्यावरचे एक भावी नगरसेवक हार घेऊन आले, माझ्याबरोबर फोटो काढला आणि जाताना काकांना कोपऱ्यात घेऊन हळूच काहीतरी विचारलं. काकांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी नगरसेवकांचा माणूस रमची बाटली न्यायला आला!

रविवारी बैठक, आमच्याच घरी. काकांना यंत्र नव्हतं, म्हणून काकूंनी मला त्यांच्या उजव्या बाजूला बसवलं. "तू घालवलंस ना यंत्र? मग आता तूच यंत्र. जे बोलतील ते त्यांच्या कानात सांगायचं. आणि ह्यांना मान हलवू द्यायची नाही."

मी हे काम अत्यंत निष्ठेनं केलं. जरा जास्तच. होणाऱ्या व्याहीण मोठ्या ठसक्याच्या बाई. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे वळून हळू काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणाल्या?" काकांनी विचारलं.

आता इथं कुठलाही शहाणा माणूस म्हणाला असता, काही नाही. पण माझा माहितीच्या हक्कावर विश्वास आहे! सैनिकापासून सत्य लपवणं मला जमणार नव्हतं. मी त्यांच्या कानात ओरडले, "चहा पाणचट आहे म्हणाल्या!"

सगळ्यांचे कप हवेतच थांबले. आणि तेवढ्यात काका माझ्याकडे झुकले आणि त्यांच्या मते अगदी कुजबुजत म्हणाले, "पोरगा बरा हाय, पण ही बाई लई मापं काढती बघ!"

तोफखान्यातली कुजबूज ती. बाहेर अंगणात उभ्या जीपच्या ड्रायव्हरनंही मान वळवली.

सीमानं पदराचं टोक तोंडात धरलं. काकूंनी डोळे मिटले. मी मनातल्या मनात स्कॉटलंडचं तिकीट काढलं. व्याहीणबाईंनी कप खाली ठेवला.

"खरं हाय ते," त्या म्हणाल्या. "मी मापं काढतेच. आता अजून एक काढते. पोरगी आम्हाला पसंत हाय. पण ह्यांना मशीन बसल्याबिगर तारीख धरायची नाय. मी एवढं बोलायचं आन् व्याह्याला त्यातलं निम्मंबी पोचायचं नाय, मग मजा काय राहिली?"

म्हणजे सगळं लग्न आता कानाच्या डॉक्टरवर येऊन अडलं. बैठक उठल्यावर सीमा माझ्याजवळ आली, डोळे पुसले आणि अगदी प्रेमानं म्हणाली, "ताई, तू परत कधी जाणारेस गं?"

आठवड्याभरात दवाखान्याच्या भिंतीवर पाटी लागली. माझ्या त्या चित्रफितीची थेट वरपर्यंत दखल घेतली गेली होती. पाटीवर लिहिलं होतं: 'माजी सैनिकांच्या सन्मानास बाधा येईल अशा रीतीने कोणीही आवारात पादत्राणे काढून ठेवू नयेत. रांगेत स्वतः उभे राहावे अथवा घरचे माणूस उभे करावे.'

कुणीतरी पाठवलेला त्या पाटीचा फोटो बघून क्षणभर, अगदी क्षणभरच हो, मला आनंद झाला. माझ्या बोलण्यानं सरकार हललं! मग संध्याकाळी करीमचाचा आले, सोबत दोघंतिघं म्हातारे. मी केस सारखे केले, हात जोडून बाहेर आले. मला वाटलं, सत्काराला आलेत. थोडक्यात काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं.

चाचांनी पाणी मागितलं. प्यायले. मग म्हणाले, "बेटा, चप्पल तो मना हो गई. अब खडे कौन रहते? मेरे घुटने तो नै रहते."

ज्यानं ज्यानं राज्य केलं त्यानं सैनिकाला काय दिलं, याचा मी पानं भरभरून इतिहास लिहिला होता. या म्हाताऱ्यांनी मात्र कुणापुढेही हात न पसरता आपली आपणच एक सवलत करून घेतली होती. सकाळभर सावलीत बसायची. आणि तेवढी एकच सवलत या विषयातल्या तज्ज्ञानं बंद पाडली!

"मी उभी राहीन, चाचा," मी म्हटलं. "काकांसाठी आणि तुमच्यासाठीही."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय! शब्द आहे माझा!"

पुढच्या महिन्यात कानाच्या डॉक्टरांच्या दिवशी मी उजाडायच्या आत दवाखान्यात हजर. रांगेत पहिली! मागे कुणाचा मुलगा, कुणाची सून, कुणाचा भाडेकरू. म्हातारे कडुलिंबाखाली. काकांसाठी मी उभी, आणि करीमचाचांसाठीही मीच. मला धन्य वाटत होतं. पुस्तकातून उठून प्रत्यक्ष सेवा! तासभर मी ताठ उभी राहिले. मग ऊन भिंतीवरून उतरून माझ्या डोक्यावर आलं. मग एक पाय दुखायला लागला, मग दुसरा. मग दोन्ही मिळून दुखायला लागले. माझ्या त्या परदेशी सँडल दिसायला फार सुंदर आहेत, पण त्या बसायला केलेल्या आहेत, उभं राहायला नाही, हे मला तेव्हा कळलं.

टपरीवरून आल्याचा वास येत होता. सगळे म्हातारे चहा पीत होते. मी मनाशी म्हटलं, घोटभर घेऊन येते. मागे वळून पाहिलं, मागची सून मोबाइलमध्ये बुडालेली. आणि मग, कसं झालं कुणास ठाऊक, माझे पाय आपोआप सँडलमधून बाहेर आले. मी त्या खिडकीपुढे नीट जुळवून ठेवल्या आणि अनवाणी टपरीकडे निघाले.

पहिलाच घोट घेतला आणि मागून हाळी आली.

"ह्या कुणाच्या सँडल?"

पहारेकरी. एका हातात काठी, दुसऱ्या हातात माझ्या सँडल, शेपटीला धरलेल्या उंदरासारख्या लोंबकळणाऱ्या. अख्ख्या आवारात तसल्या सँडल आणखी कुणाच्या असणार? त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"मॅडम, तुम्ही? त्या व्हिडिओवाल्या ना? अहो, असं नका करू. सैनिकांचा अपमान होतो!" आणि त्यानं काठीनं पाटी दाखवली.

कडुलिंबाखाली जे हसू फुटलं, ते सांगत नाही. करीमचाचांनी डोळ्यांचं पाणी पुसलं. मी चहा हातात घेऊन उभी, अनवाणी, आणि खिडकीपुढची पहिली जागा रिकामी. मागची सून मोबाइलमधून वर बघून एक पाऊल पुढे टाकणार, एवढ्यात काका उठले. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं, पण रिकामी जागा दिसली होती. गुडघ्यावर हात टेकून ते सावकाश गेले, त्या जागेवर उभे राहिले, पाय जुळवले, छाती पुढे काढली. त्यांच्या मागे करीमचाचा जाऊन उभे राहिले. खिडकी खडखडत उघडली आणि पहिली चिठ्ठी काकांच्या हातात पडली.

मी धावत गेले. "काका, तुम्ही बसा, मी उभी राहते!"

काकांनी माझ्याकडे पाहून नेहमीसारखी गोड मान हलवली आणि जागचे हलले नाहीत. मग करीमचाचांकडे वळले आणि मला कळू नये म्हणून अगदी हळू, म्हणजे फाटकाबाहेरच्या रिक्षावाल्यांनाही ऐकू जाईल इतक्या हळू, म्हणाले, "पोरगी लई शिकलेली हाय, करीम. मनानंबी चांगली हाय. पण चपलेइतकाबी दम नाय तिच्यात."